चावरे पिल्लू आणि ओळखीचा हात

स्मरणिकेसाठी लेख मागितला की आम्हा डॉक्टर मंडळींची लेखणी सवयीने मधुमेह, रक्तदाब, लसीकरण किंवा परीक्षेचा ताण यांपैकी एखादी मळलेली वाट धरते. यंदा संपादकांनी विषयाचे बंधन घातलेले नाही, म्हणून थोडी वाट वाकडी करून एका इवल्या प्राण्याविषयी लिहिण्याचे योजले आहे. हा प्राणी म्हणजे पाळीव पांढरा उंदीर. आणि त्यातही हौसेने घरी आणलेले व पहिल्याच आठवड्यात मुलाच्या बोटाला कडकडून चावणारे त्याचे पिल्लू. विषय वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची कल्पना आहे. ती आठी निराधार नाही. सुरतेत राहणाऱ्याच्या कपाळाला तर नाहीच नाही. तिच्याविषयीही पुढे बोलायचे आहे.

अमरोलीच्या पुढे, रेल्वेमार्गालगत वसलेले कोसाड हे एके काळचे शेतीवाडीचे गाव. आज ते सुरत महानगराचा भाग झाले असून आवास योजनेच्या इमारतींच्या रांगाच्या रांगा तेथे उभ्या आहेत. धुळे, नंदुरबार, जळगावहून यंत्रमागाच्या कामासाठी आलेली आपली कितीतरी खानदेशी कुटुंबे ओडिया आणि हिंदीभाषक शेजाऱ्यांसह तेथे स्थिरावली आहेत. लहान जागेत राहणाऱ्या मुलांनाही प्राण्याची हौस असतेच. कुत्रा पाळायला जागा नाही, मांजरीला शेजाऱ्यांची संमती नाही. पोपट पिंजऱ्यात ठेवायचा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपला देशी पोपट पाळण्यास मनाई आहे. मासे दिसतात छान, पण त्यांना कुशीत घेता येत नाही. मग ॲक्वेरियमच्या दुकानातला पांढरा उंदीर मुलांच्या नजरेत भरतो. किंमत बेताची, पिंजरा खिडकीच्या कट्ट्यावर मावेल एवढा आणि खाणे मूठभर. शाळेला सुट्टी लागली की हे पाहुणे घरोघरी येतात आणि त्यानंतर आठवडाभरात बोटाच्या टोकाशी दोन बारीक खुणा घेऊन त्यांचे यजमान माझ्यासमोर बसतात.

अशा वेळी आईवडिलांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, “डॉक्टरसाहेब, इंजेक्शने घ्यावी लागतील का?” आणि दुसरा, “ही ब्याद आजच बाहेर टाकून देऊ ना?” मूल मात्र तिसराच प्रश्न विचारते, बहुधा दबक्या आवाजात : “मी त्याला खाऊ देतो, तरी तो मला का चावतो?” या तिन्हींत मला मुलाचा प्रश्न सर्वांत शास्त्रीय वाटतो. त्याचे उत्तर नीट दिले तर उरलेल्या दोहोंची उत्तरे देणेही सोपे जाते.

आठीचे कारण

प्रथम मोठ्यांच्या भीतीविषयी. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचा उद्रेक झाला, तेव्हा मी नुकताच एम.बी.बी.एस. झालो होतो. वेड रोड, कतारगाम भागांतून पहिले रुग्ण आले आणि पाहता पाहता लाखो माणसे शहर सोडून निघाली. त्याच सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग दिसल्याच्या बातम्या येत होत्या, त्यामुळे मराठी घरांत दुहेरी धास्ती होती. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून नाहीशा झाल्या. सुरतेत सुमारे पन्नास माणसे दगावली. पुढे १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहर कसे झाडूनपुसून स्वच्छ झाले, हा इतिहास आपण सर्वांनी पाहिला आहे. ज्या आजीने ते दिवस काढले, तिने नातवाच्या हातातला उंदीर पाहून देवाचे नाव घेतले तर तिला हसू नये.

तथापि त्या आजीला एवढे अवश्य समजावून सांगावे की गाठीचा प्लेग उंदराच्या चाव्याने पसरत नसतो. आजारी उंदराच्या अंगावरची पिसू तो माणसाला देते, ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवली. त्याच्या आदल्याच वर्षी, १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. सुरतेचा १९९४ चा प्लेग फुप्फुसाचा होता. तो खोकल्याच्या तुषारांतून माणसाकडून माणसाकडे गेला. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला, गटाराचे तोंडही न पाहिलेला पांढरा उंदीर आणि धान्याच्या पोत्यांतून, नाल्यांतून हिंडणारा उंदीर वा घूस यांना एका मापाने मोजणे बरोबर नाही. धोका या दोहोंची गाठ पडू देण्यात आहे. म्हणून पाळीव उंदराचा पिंजरा जमिनीवर ठेवू नये, रात्री त्यातले दाणे बाहेर सांडू देऊ नयेत. आणि घरातल्या अडगळीत सापडलेली गुलाबी पिल्ले मुलांनी कितीही हट्ट धरला तरी पाळायला घेऊ नयेत.

तो का चावतो?

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. उंदराचे पिल्लू जन्मते तेव्हा जेमतेम एक ग्रॅम वजनाचे, केसरहित, डोळे-कान मिटलेले असते. दहा दिवसांत अंगावर लव येते. बाराव्या ते चौदाव्या दिवशी डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ते आईचे दूध सोडते. डोळे उघडल्यापासून दूध सुटेपर्यंतचे हे सात-आठ दिवस मोठे नाजूक. या काळात पिल्ले तापलेल्या कढईतल्या लाह्यांसारखी टणाटण उडतात. जरा खुट्ट झाले की उडी! हे खट्याळपण नव्हे. ज्याचे जगणे पळण्यावर अवलंबून आहे, त्याला निसर्गाने दिलेले ते पहिले शिक्षण होय. याच दिवसांत एखाद्याने त्याला रोज हळुवार हाताळले असेल तर माणसाचा हात त्याच्या परिचयाचा होतो. दुकानात येणारी पिल्ले मात्र बहुधा डब्यातून डब्यात ओतली गेलेली असतात. चार-पाच आठवड्यांची होऊन ती आपल्या घरी पोहोचतात, तेव्हा माणसाच्या हाताविषयी त्यांना एकच गोष्ट ठाऊक असते : तो वरून येतो आणि शेपटी धरून उचलतो.

वरून येणे, ही त्यातली मुख्य गोष्ट. पंचवीस किलोचे मूल आणि पंचवीस ग्रॅमचा उंदीर यांच्या वजनात हजार पटींचे अंतर आहे. उंदराचे हृदय मिनिटाला पाचशे ते सातशे वेळा धडधडते. त्याची नजर अधू. लाल रंग त्याला धड दिसत नाही. पण डोक्यावरून मोठी होत येणारी सावली तो अचूक टिपतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या डोक्यावर पडद्यावर काळे वर्तुळ दाखवून ते झपाट्याने मोठे करत नेले. उंदीर तत्क्षणी आडोशाला पळाले किंवा जागच्या जागी थिजले. त्यांना घारीचा अनुभव नव्हता, घार कधी पाहिलीही नव्हती; तरी घारीची भीती रक्तातच होती. आपला प्रेमाने पुढे केलेला हात त्या पिल्लाच्या लेखी घारच असतो. पळायला जागा उरली नाही की ते चावते.

याखेरीज आणखी तीन-चार साधी कारणे असतात. बोटाला शेंगदाण्याचा वा फरसाणाचा वास असतो आणि पिल्लू ते बोट खाऊ समजून कुरतडून पाहते. पिंजऱ्याच्या गजांतून दाणे भरवण्याची सवय लावली असेल तर गजांतून आत येणारी प्रत्येक वस्तू खाण्याची, असे ते शिकून बसते. झोपेतून दचकून उठवले, दुखरा भाग दाबला किंवा पिल्लांच्या आईच्या घरट्यात हात घातला तरी चावा ठरलेला. मुलांना मी एक भेद आवर्जून शिकवतो. दातांनी हलकेच चाचपणे ही ओळख करून घेण्याची रीत असते. कचकन चावून सोडणे म्हणजे “दूर हो” असे सांगणे. आणि चावून धरून ठेवणे म्हणजे जिवाची भीती. तिन्ही प्रसंगी आपले वागणे निराळे असायला हवे.

बालरोगतज्ज्ञाला यात फारसे नवल वाटत नाही. दीड-दोन वर्षांचे मूल पाळणाघरात दुसऱ्याला चावते, म्हणून रडवेल्या झालेल्या आया आमच्याकडे नेहमी येतात. शब्द फुटलेले नसतात, राग किंवा भीती मात्र पोटात मावत नाही. मग दात बोलतात. त्या मुलाला उलट चावून धडा शिकवावा, असा सल्ला देणारी वडीलधारी मंडळी अजूनही भेटतात. त्या धड्याने मूल एवढेच शिकते की मोठी माणसेही चावतात.

हाताची कसोटी

उंदीर कसा उचलावा, हा प्रश्न शास्त्रज्ञांना क्षुल्लक वाटला नाही. प्रयोगशाळांत शंभर वर्षे उंदीर शेपटीने उचलले जात होते आणि सारेजण तीच योग्य रीत समजत होते. इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० साली ‘नेचर मेथड्स’मध्ये एक साधा, पण सर्वांना विचार करायला लावणारा अभ्यास प्रसिद्ध केला. काही उंदरांना शेपटीने, काहींना नळीत शिरवून आणि काहींना दोन्ही हातांच्या ओंजळीत उचलण्यात आले. शेपटीने उचललेले उंदीर पुढे हात दिसला की अंग चोरू लागले आणि त्यांच्या वागण्यात चिंतेची लक्षणे वाढली. नळीतून वा ओंजळीतून उचललेले उंदीर मात्र आपण होऊन हाताजवळ येऊ लागले. उंदीर तेच आणि माणसेही तीच. फरक होता तो केवळ उचलण्याच्या रीतीत. या निष्कर्षाला पुढे अन्य प्रयोगशाळांतूनही दुजोरा मिळाला आणि शेपटीची जुनी रीत ठिकठिकाणी सोडून देण्यात आली.

२०१४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक गमतीदार गोष्ट दाखवली. पुरुष संशोधक जवळ असला, किंबहुना पुरुषाने वापरलेला टी-शर्ट जवळ ठेवला, तरी उंदरांमध्ये ताणाची लक्षणे दिसत. स्त्रियांच्या बाबतीत तसे होत नसे. “माझ्या हाताला चावतो आणि ताईच्या हाताला चावत नाही” अशी तक्रार करणाऱ्या मुलांच्या वडिलांना मी ही हकिगत सांगतो. त्यांनी आरंभीचे काही दिवस पिंजऱ्यापासून थोडे दूर राहावे, यात कमीपणा काही नाही.

शेपटीविषयी एक वैद्यकीय सूचनाही देऊन ठेवतो. तिचे टोक धरून ओढले तर वरची त्वचा मोज्यासारखी सुटून हातात येऊ शकते. ती जखम भरत नाही. उघडा पडलेला भाग सुकून गळतो. म्हणून मुलांना पहिला नियम सांगावा, तो शेपटीला हात न लावण्याचा.

माणसाळवण्याची रीत

पिल्लू शक्यतो एकटे आणू नये. उंदीर हा कुटुंबवत्सल प्राणी आहे. एकटे पिल्लू अधिक भेदरते. दोन बहिणी एकत्र आणाव्यात. दोन नर वयात आले की भांडतात, आणि नर-मादीची जोडी आणली तर अवघ्या तीन आठवड्यांच्या गर्भकाळानंतर आठ-दहा नवे पाहुणे दाराशी उभे! मादी दीड महिन्याची होताच गाभण राहू शकते, हे दुकानदार क्वचितच सांगतो.

पहिले दोन-तीन दिवस पिंजऱ्यात हात घालूच नये. पिंजरा टीव्ही, मिक्सर आणि यंत्रमागाच्या खडखडाटापासून दूर, दुपारच्या उन्हाचा ताव लागणार नाही अशा जागी असावा. आत कोऱ्या कागदाच्या पट्ट्यांचे अंथरूण आणि लपायला एखादे खोके हवे. लपायला जागा असलेला प्राणी लवकर धीट होतो. मुलाने एखादा साधा कागदी रुमाल तासभर हातात बाळगून तो घरट्याजवळ ठेवावा. हाताची पहिली ओळख अशी वासातून होऊ द्यावी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, संध्याकाळी, पिल्ले आपण होऊन जागी झाल्यावर, हात धुवून तळवा वर करून पिंजऱ्यात टेकवावा. हात बाजूने, जमिनीलगत न्यावा, वरून नव्हे. साबण उग्र वासाचा नसावा. तळव्यावर बाजरीचे किंवा ज्वारीचे चार दाणे, एखादी सूर्यफुलाची बी. मग काहीही करायचे नाही, फक्त बसून राहायचे. हेच मुलांना सर्वांत कठीण जाते. पिल्लू येईल, हुंगेल, पळेल, पुन्हा येईल. मिश्या बोटाला लागतील. दहा मिनिटांत हात काढून घ्यावा. दिवसातून दोन वेळा एवढे पुरे.

त्यानंतर नळी. या बाबतीत सुरतेची मुले जगातल्या कुठल्याही मुलांपेक्षा भाग्यवान आहेत, कारण सूत आणि कापड गुंडाळण्याच्या पुठ्ठ्याच्या नळ्या येथे घरोघरी पडलेल्या असतात. सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाची, अर्ध्या वितीहून थोडी लांब, तेलाचा डाग नसलेली कोरी नळी घ्यावी. ती आठवडाभर पिंजऱ्यातच राहू द्यावी; पिल्ले तिला घर मानू लागतात. पिल्लू आत शिरले की दोन्ही तोंडांशी तळवे अलगद आडवे धरून नळी उचलावी, मिनिटभराने पुन्हा खाली ठेवावी. हे अंगवळणी पडले की नळी मांडीवर टेकवून पिल्लाला आपण होऊन तळव्यावर उतरू द्यावे. शेवटची पायरी ओंजळीची. दोन्ही हात खालून एकत्र आणायचे, पाण्याची ओंजळ भरतो तसे. मूठ मात्र वळायची नाही.

ही सारी उजळणी जमिनीवर बसून, खाली जाड चादर पसरून करावी. कट्ट्याच्या उंचीवरून उडी मारलेल्या पिल्लाचा पाय मोडतो आणि त्याचे दुःख मूल महिनोन्‌महिने विसरत नाही.

आणि एवढे करूनही ते चावले तर? हात झटकू नये. झटकल्याने पिल्लू भिंतीवर आपटते आणि त्याचे दात आपल्या बोटात अधिक खोल ओरखडतात. ओरडू नये, फुंकर मारू नये, टिचकी तर मारूच नये. हात सावकाश जमिनीला टेकवावा. पायाखाली आधार लागला की ते बहुधा सोडते. चावल्याबरोबर घाईने पिंजऱ्यात टाकले तर चावले की सुटका होते, असा पाठ त्याला मिळतो. म्हणून क्षणभर थांबून, ते शांत झाल्यावर नळीतून परत पाठवावे आणि मग जखम धुवावी. दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे येऊन पुन्हा आरंभ करावा.

लपवलेला चावा

या विषयावर लिहावेसे वाटले त्याचे खरे कारण आता सांगतो. मध्यंतरी एका खानदेशी कुटुंबातील नऊ वर्षांच्या मुलाला तापासाठी माझ्याकडे आणले होते. ताप दोन दिवसांचा, घसा लाल, निदान सरळ होते. प्राण्याचा चावा, प्रवास, शेजारी कोणी आजारी, असे सगळे विचारून झाले. आईने प्रत्येकाला “नाही” म्हटले, मुलाने मान खाली घातली. तेवढ्यात आईच्या पदराआडून धाकटी बहीण बोलून गेली, “भाऊले उंदीर चावना!” मुलाने मूठ आवळली. उघडून पाहिली तर तर्जनीच्या टोकाला आठ दिवसांपूर्वीची, जवळजवळ भरून आलेली खूण. पुन्हा चावला तर पिंजऱ्यासकट खाडीत टाकीन, असा दम वडिलांनी भरला होता. म्हणून दुसऱ्या चाव्यानंतर मुलाने बोट शर्टाला पुसले आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

त्याचा ताप अखेरीस घशाचाच निघाला आणि तो बरा झाला. तरी ती आवळलेली मूठ पुष्कळ दिवस माझ्या डोळ्यांसमोर राहिली. उंदराच्या चाव्याने क्वचित एक आजार होतो. त्याला मूषकदंश-ज्वर म्हणता येईल. स्ट्रेप्टोबॅसिलस मोनिलिफॉर्मिस या जंतूमुळे तो चावल्यानंतर साधारणतः तीन ते दहा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनीही, थंडीतापाने सुरू होतो. डोकेदुखी, उलट्या, पाठोपाठ सांधेदुखी आणि हातापायांवर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ. आशिया खंडात स्पायरिलम मायनस या जंतूचा दुसरा प्रकार आढळतो. त्यात भरलेली जखम पुन्हा सुजते, जवळच्या गाठी दुखू लागतात आणि ताप येत-जात राहतो. दोन्हींवर पेनिसिलिन उत्तम चालते. उपचार झाला नाही तर मात्र दहांतील एखादा रुग्ण दगावू शकतो. निदानाची सारी मदार एका वाक्यावर असते : “उंदीर चावला होता.” ताप येईपर्यंत जखम भरलेली असते, आणि ते वाक्य दमदाटीने मुलाच्या घशात अडकवले तर ना रक्ततपासणी सहज मार्ग दाखवते, ना अनुभव.

त्या वडिलांशी मी मुलाच्या देखत बोललो. ते स्वतः मागावर काम करणारे; नळीचा उपाय ऐकून हसले आणि दुसऱ्या दिवशी चार कोऱ्या नळ्या घेऊन आले म्हणे. महिनाभराने लसीच्या निमित्ताने मुलगा आला तेव्हा त्याने अहवाल दिला. दोन पिल्लांपैकी एक तळव्यावर बसून दाणे खाते. दुसरे अजून नळीबाहेर येत नाही, पण चावणे थांबले आहे. काही पिल्ले जन्मभर बुजरीच राहतात. त्यांना लांबून पाहण्यातही आनंद आहे, हे मी त्याला सांगितले. त्याला ते फारसे पटलेले दिसले नाही.

इंजेक्शनाचा प्रश्न

आता आईवडिलांच्या दोन प्रश्नांकडे येतो. चावा कोणत्याही उंदराचा असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तंबाखू यांपैकी काही भरू नये. धनुर्वाताची लस वेळच्या वेळी झाली आहे का, ते कार्डावर पाहावे : दीड-दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा त्रिगुणी बूस्टर, नंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडी. रेबीजबाबत सांगायचे तर, उंदीर या रोगाचा वाहक मानला जात नाही आणि घरगुती उंदीर, खार यांच्या चाव्यानंतर रेबीजच्या लसीची गरज क्वचितच पडते. तरी चावणारा प्राणी नक्की कोणता होता, हे निश्चित नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निर्णय घ्यावा. जखम खोल असेल, लाल होऊन सुजली असेल, किंवा चाव्यानंतर तीन आठवड्यांत ताप, पुरळ वा सांधेदुखी झाली तर त्वरित दाखवावे आणि चाव्याचा उल्लेख न विसरता करावा.

उंदीर बाहेर टाकावा का? काही घरांना मी स्पष्टपणे सांगतो की आणूच नका. पाच वर्षांखालील मुलांनी उंदीर हाताळू नये. ती हात तोंडात घालतात आणि पाळीव उंदरांतून साल्मोनेलाचा अतिसार पसरल्याची उदाहरणे अमेरिकेत २००४ साली नोंदली गेली आहेत. घरात गर्भवती स्त्री असेल तर तिने पिंजरा साफ करू नये. एलसीएमव्ही हा उंदरातील विषाणू गर्भाला अपाय करू शकतो. दमेकरी मुलाला उंदराच्या मूत्रातील प्रथिनांची ॲलर्जी त्रास देऊ शकते. प्रतिकारशक्ती क्षीण करणारे औषधोपचार चालू असलेल्या रुग्णाच्या घरातही हा पाहुणा नको. आणि दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे सावट असते, म्हणून त्या दिवसांत पाळीव पिंजऱ्याशी बाहेरच्या उंदरांचा संबंध येणार नाही, ही काळजी दुप्पट घ्यावी. उरलेल्या घरांनी उंदीर जरूर ठेवावा. हाताळण्यापूर्वी आणि हाताळल्यानंतर हात धुवावेत, पिंजरा स्वयंपाकघराबाहेर ठेवावा आणि त्याची सफाई मोठ्यांनी करावी. घरी ठेवलेला उंदीर नकोसा झाला म्हणून उघड्यावर सोडणे मात्र क्रूरपणाचे आहे. पिंजऱ्यात वाढलेले ते पिल्लू बाहेर एक रात्रही काढणार नाही.

उंदराचे आयुष्य जेमतेम दीड-दोन वर्षांचे. तेवढ्या काळात एका मुलाला थांबणे, हात हळू पुढे करणे आणि आपल्याहून दुबळ्याच्या भीतीचा मान राखणे जमले, तर पुस्तकांतून सहजी न मिळणारे काही पदरात पडले, असे मी समजेन.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती करून हे टिपण पुरे करतो. तापाचे मूल समोर आले की “घरात कोणता प्राणी आहे का?” हे अवश्य विचारावे, आणि तो प्रश्न आईवडिलांकडे पाहून न विचारता मुलाकडे पाहून विचारावा. उत्तर आल्यावर रागावू नये, हे पालकांना आधीच बजावून ठेवावे. मग मूल मूठ उघडते.